साडूपेक्षा धारदार

बहिणीकडे जेवून आल्यापासून बायकोच्या तोंडी एकच विषय होता: साडूने स्वतः घरी बनवलेली सुरी. "काय लखलखीत आहे! हातात कला लागते बाई," ती म्हणाली. विमा कचेरीतल्या कारकुनाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, ठसका लागला. त्याच्या हाताबद्दल ती आजवर एकदाच बोलली होती, तेही खिळा ठोकताना त्याने अंगठा ठेचून घेतला तेव्हा.

सुट्टीच्या दिवशी त्याने साडूने पट्टी नेली तेच वर्कशॉप गाठलं.

"सुरी करायचीय. पोलादाची पट्टी दाखवा."

"स्टेनलेस की कार्बन?" वर्कशॉपवाल्याने विचारलं. "स्टेनलेस घरात सोयीचं. कार्बनला धार जबरदस्त येते, पण नखरे फार. ओली राहिली की गंजली, लिंबू लागलं की काळी पडली."

"आमच्या साडूंनी कोणती नेली?"

"स्टेनलेस."

"मग कार्बन द्या."

पातं घासताना बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीवर लोखंडाचा कीस बसला, त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं. पण वर्कशॉपवाल्याच्या भट्टीतून तावून आलेली सुरी टोमॅटोतून अशी गेली, की टोमॅटोला पत्ता लागला नाही. नवऱ्याने आशेने बायकोकडे पाहिलं.

"बरी आहे," ती म्हणाली आणि सुरी सिंकमध्ये टाकून गेली.

सकाळी पात्यावर तांबूस पुरळ उठलं होतं.

"अहो, त्यांच्या सुरीला असलं काही होत नाही हं!"

एवढं पुरे होतं. त्या दिवसापासून सुरीची निगा त्याने कुणावर सोडली नाही. पुसायची त्याने, तेल लावायचं त्याने. बायकोने लिंबू उचललं, की तो अर्धी दाढी सोडून फडकं घेऊन धावायचा. शेवटी मागे उभं राहून पुसण्यापेक्षा आपणच चिरलेलं बरं, म्हणून भाजीही त्याच्याकडे आली.

मग त्याने साडूला सहकुटुंब जेवायला बोलावलं आणि काकडीची चकती उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं.

साडूचा चेहरा पडला. "धार मानली. पण काळी पडलीय हो."

"जातिवंत पोलाद आहे, साडूभाऊ. ते भांड्यांसारखं चमकत नाही."

मेहुणी सुरीकडे बघतच नव्हती. ती भावजींकडे बघत होती: चिरलं, धुतलं, पुसलं, पुन्हा चिरलं. मग तिने सोफ्यावर रेललेल्या आपल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरात बहिणीशी फोनवर बोलत होती. सुरीचं नाव ऐकून नवरा दाराआड थबकला. आता तरी कौतुक कानी पडेल म्हणून त्याने श्वास रोखला.

"छे गं, काळीकुट्ट आहे. दिसायला तुझ्या नवऱ्याचीच छान. पण तू कार्बनचीच करून घे. स्टेनलेस असलं की सुरी राबते, कार्बन असलं की नवरा... हो, आजच पिटाळ त्यांना वर्कशॉपमध्ये!"

नवऱ्याने आत जाऊन कांदे चिरायला घेतले. डोळ्यांना धार लागली. पण आता साडूच्याही लागणार, या विचाराने त्याने आणखी एक कांदा ओढला.