बुडबुडेसाहेबांची घासणी

"आज प्लॅटिनमची जिरवतो की नाही बघ!" असं बायकोला बजावून बुडबुडेसाहेब घराबाहेर पडले. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन झटपट काढायचा, तर उत्प्रेरक म्हणून महागडं प्लॅटिनम लागतं. तेच काम निकेलच्या बारीक तारांच्या साध्या बोळ्याकडून करून घ्यायचा साहेबांनी चंग बांधला होता. दिवसभर पाण्यातले बुडबुडे मोजत बसायचे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्यांना बुडबुडे म्हणत, अगदी तोंडावर!

आज संचालिकाबाई स्वतः बघायला येणार होत्या. वायूचे बुडबुडे उठले तर काम चालू, नाहीतर प्रयोगाची खोली शेजारच्या रंग-संशोधनवाल्यांना! साहेबांनी आदल्या संध्याकाळी काळजीपोटी बोळा घरी नेला, धुतला आणि वाळत ठेवला, तोही बेसिनपाशी! सकाळी घाईघाईत उचलून डबीत घातला.

बाई आल्या. साहेबांनी बोळा पाण्यात सोडला, बटण दाबलं. अहो, काय सांगावं! पाणी नुसतं फसफसायला लागलं!

"कमाल केलीत हो! खोली तुमचीच!" बाई हरखून म्हणाल्या. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बायको कडाडली, "अहो, ही कसली घासणी आणून ठेवलीत? कढईचा एक डाग निघेल तर शपथ! आणि माझी घासणी कुठंय?"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. समोर फसफसत होती ती घरची तारेची घासणी!

"बाई, चूक झाली," म्हणत त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अहो, मग तर आणखी स्वस्त! मागवा डझनभर!"

शिपायाने दुकानातून कोऱ्या घासण्या आणल्या. एकेक पाण्यात सोडली. बुडबुडे आले, पण दोन-तीनच, तेही लाजत लाजत! साहेबांची घासणी मात्र जोरात!

"हिच्यावर काहीतरी बसलंय," बाई गंभीर झाल्या. "घरी विचारा, या घासणीने काय घासलं होतं?"

साहेबांनी फोन लावला. सगळी प्रयोगशाळा कान टवकारून उभी. "अगं, नीट आठवून सांग, विज्ञानाचा प्रश्न आहे! काल या घासणीने तू काय काय घासलंस?"

"मी?" बायको म्हणाली. "काल भांड्यांची पाळी तुमची होती!"