भोईरभाऊंचा बाळाराम टेस्टे

जन्मालाच न आलेल्या माणसाची रजा नामंजूर झाली म्हणून दिवसभर अबोला धरणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे भोईरभाऊ.

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात, म्हणजे नेमणुका, रजा, बढत्या यांचा कारभार चालतो तिथे, भाऊ अधीक्षक. मूळचे अंबरनाथजवळच्या गावातले. आवाज असा की त्यांना फोनची गरजच पडू नये. माझे यजमान सुधीर त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. सुधीर नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर त्यांच्या जागी मी लागले. बाकी सगळे मला मॅडम म्हणत. भाऊ वैनी म्हणत.

मी जेमतेम रुळत होते, तेवढ्यात सगळा कारभार कॉम्प्युटरवर नेणारी नवी सिस्टिम आली. उपकुलसचिवांनी सभेत सांगून टाकलं, "ज्यांना ही सिस्टिम जमणार नाही, त्यांच्या कायम होण्याच्या प्रस्तावावर मी सही करणार नाही." कायम व्हायचं बाकी होतं ते विभागात एकट्या माझं. घरी बदलापूरला मुलगी बारावीला. माउस हातात धरला की माझी बोटं कापायची. आपण चुकीचं बटण दाबू आणि कुणाचा तरी पगार बंद होईल, ही एकच धास्ती.

शिकवायला सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचा जितूभाई यायचा, उल्हासनगर कॅम्प तीनचा. पोट सुटलेला, हसरा माणूस, येताना हमखास नाश्त्याला दालपकवान आणणारा. सरावासाठी त्याने एक खोटा कर्मचारी तयार केला. नाव, 'टेस्ट'. भाऊ भडकलेच.

"माणसाला नाव नाय? कैदी हाय का तो?"

"भाऊ, ये तो डमी है."

"तेरे को डमी. मेरे को स्टाफ."

भाऊंनी त्याचं नाव बाळाराम ठेवलं. आडनावाच्या रकान्यातलं 'टेस्ट' काही केल्या निघेना, तेव्हा त्याला एक मात्रा जोडून बाळाराम टेस्टे केलं. मग त्याला राहायला विठ्ठलवाडीला खोली दिली, स्टेशनपासून लांब, म्हणजे उशिरा येण्याला कारण झालं. बायको दिली, सासू दिली. सासू वरचेवर आजारी पाडली, कारण रजेचा सराव व्हायला हवा होता.

त्यानंतर विभागाचं वातावरणच बदललं. "वैनी, बाळारामाची सासू परत ॲडमिट झाली, बघा जरा," असं भाऊ ओरडायचे आणि मी रजा भरायला बसायचे. चुकले तर चुकले! नुकसान बाळारामाचं. एकदा माझ्या हातून तो निलंबित झाला. भाऊ स्क्रीनकडे बघून म्हणाले, "बरा झाला. लय माजला होता." हसता हसता माझी बोटं कधी कापायची थांबली, मला कळलंही नाही. हळूहळू त्याची नेमणूक, बदली, बढती सगळं मी न विचारता करू लागले. आज मला जे काही येतं ते त्या न जन्मलेल्या माणसाच्या जिवावर.

आणि एका सकाळी जितूभाई म्हणाला, "बस, डेथ केस बाकी है. मॅडम, आप करो. बालाराम को ऑफ करना है."

नोकरीत असताना मृत्यू. रकान्यात 'मयत' निवडायचं, तारीख घालायची, वारसाचं नाव लिहायचं. माझा हात माउसवर तसाच राहिला. भाऊ ताडकन उठले.

"बाळाराम मरणार नाय."

"भाऊ, टेस्टिंग है."

"त्याची सासू मार. तो नाय."

जितूभाईला वाटलं, म्हातारा येडा झाला. सगळे हसले. भाऊ मात्र आपल्या टेबलावर गेले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बटणं दाबत बसले. मग तिथूनच ओरडले, "झाली तुझी डेथ केस. बघून घे."

दुसऱ्या दिवशी दारावरच्या हजेरीच्या मशीनने भाऊंचा चेहरा ओळखायला साफ नकार दिला. भाऊंनी चष्मा काढून बघितला, घालून बघितला, मशीनला दोन शिव्या घातल्या. मग उलगडा झाला. सरावाच्या सिस्टिममध्ये बाळाराम सोडून दुसरं कुणी नव्हतंच. म्हणून भाऊंनी खरी सिस्टिम उघडली होती आणि स्वतःच्याच नावापुढे 'मयत' निवडलं होतं.

जितूभाईने कपाळाला हात लावला. मेलेल्या माणसाला जिवंत करायची थेट सोयच कंपनीने ठेवली नव्हती. उपकुलसचिव संतापले. हयातीचा दाखला मागवा म्हणाले. तो मागवायचं काम अधीक्षकांचं, आणि अधीक्षक म्हणजे समोर उभे असलेले भाऊच. "साहेब, दाखला आणतो, पण रजा कोण मंजूर करणार? मयताला रजा नाय," असं त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

शेवटी मी बसले. बाळारामाला निलंबनातून परत आणताना शिकलेली वाट आठवली. साहेबांकडून आदेश घेऊन आधी मृत्यूची नोंद रद्द केली, मग भाऊंची सगळी सेवा पुन्हा जोडली. साहेब मागे उभे राहून बघत होते. संध्याकाळी मशीनने "स्वागत आहे" म्हटलं आणि विभागाने टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात माझ्या प्रस्तावावर सही झाली.

पेढे घेऊन मी भाऊंकडे गेले. म्हटलं, "भाऊ, इतकी उठाठेव कशाला केलीत? बाळाराम तर खोटाच होता."

भाऊंनी पेढा हातातच धरला. नेहमीचा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"सुधीरचं मयत म्हणून मीच लिवलं होतं, वैनी. शेजारच्या टेबलावर त्याचा डबा तसाच होता. तुमच्या हातानं तसं कोनाचंच लिवून घ्यायचं नव्हतं, खोटं पन नाय. माझं टाकलं तर काय बिघडतंय? माझ्या घरी रडायला कोन बसलंय?"

मला रडू फुटलं. त्यांच्यासमोर पहिल्यांदाच. "मी आहे ना, भाऊ," म्हटलं. "रविवारी बदलापूरला जेवायला या. दर रविवारी या."

भाऊ पेढा तोंडात टाकून म्हणाले, "येतो. पन सुधीरच्या जागेवर वाढू नका. माझ्याच्यानं घास उतरायचा नाय."