एका दमात बास्केटबॉल

"बास्केटबॉल येतो का?" असं हेडमास्तरांनी विचारलं आणि जगदेवराव "येतो" म्हणून बसले, घोटाळा तिथेच झाला. कारंज्याच्या शाळेत पोरांना हुतुतू शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. पण नवे तपासनीस साहेब बास्केटबॉलचा सामना पाहणार होते, आणि ज्या ड्रिल मास्तराला हा खेळ येत नाही त्याला घरी बसवणार, असं बोललं जात होतं. अशा वेळी खरं बोलायला छाती लागते. जगदेवरावांची छाती फक्त कसरतीपुरती होती.

त्यांनी हा खेळ जन्मात पाहिला नव्हता. परगावी कुठेतरी लांबून पाहून आलेल्या एका कापूस दलालाने सांगितलं, की चेंडू घेऊन पळायचं आणि उंच टांगलेल्या टोपलीत टाकायचा. एवढ्याने काही खेळ होईना. गडी बाद कधी करायचा? उरलेलं जगदेवरावांनी हुतुतूतून भरून काढलं. चेंडू हाती आला की दम धरायचा, "हुतुतू" करत टोपली गाठायची, दम तुटला की बाद. बायकोच्या, गोजराबाईच्या, भाजीच्या दोन टोपल्या बुड कापून कडुलिंबांना टांगल्या.

सामना मालेगावच्या शाळेशी ठरला. तिथले दौलतराव मास्तर तरुण, आणि हा खेळ अमरावतीला रीतसर शिकून आलेले. जगदेवरावांना हे सामना ठरल्यावर कळलं.

साहेब टांग्यातून उतरले, खेळ सुरू झाला. मालेगावची पोरं चेंडूचे टप्पे पाडत मुकाट पळू लागली. आपलं पितळ उघडं पडलं हे जगदेवरावांनी ओळखलं आणि घाबरून जोरात शिट्टी फुंकली.

"दम काहून नाही धरत? बाद!"

दौलतराव धावत आले. असा नियम अमरावतीला नाही, असं ते सांगू लागले. पण साहेबांनीही बास्केटबॉल कधी पाहिला नव्हता. हुतुतू मात्र लहानपणी भरपूर खेळले होते. कारंज्याचा खेळ त्यांना चटकन कळला.

"दम नाही म्हणजे बाद," ते म्हणाले. "यात काय सांगायचं?"

मालेगावचा एकेक गडी बाहेर बसला. शेवटी साहेबांनी हुकूम सोडला, की दौलतरावांनी दर रविवारी इथे येऊन नियम शिकून घ्यावेत. दौलतरावांनी खाली मान घालून हात जोडले. जगदेवरावांना त्यांची फार दया आली, पण नोकरी जास्त प्यारी होती.

घरी गोजराबाईने विचारलं, "नोकरी वाचली ना? मंग तोंड काहून उतरलं?"

"तो रविवारी नियम शिकाले येऊन राह्यला."

"मंग शिकवा."

"पहिले ते बनवा तं लागतीन."