इंजिनाला विभूती

तेल कुठून गळतं हे आपणच शोधून काढायचं, असं मी बुधवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं. त्या दिवशी चहा चांगला झाला होता, एवढंच त्याला कारण. आदल्या संध्याकाळी मेकॅनिक धम्मदीपनं गाडीखाली टॉर्च मारून 'च्च' असा आवाज काढला होता. (हा आवाज डॉक्टरनं काढला की माणूस मृत्युपत्र करायला घेतो.)

"साहेब, इंजिन उतरवून बघावं लागंल. आठ दिवस ठेवा."

"आठ दिवस? रविवारी लातूरला सासऱ्याची घरभरणी हाय!"

"मग यष्टीनं जावा की."

एसटीनं गेलो असतो. पण मग आमच्या मंजुश्रीनं विचारलं असतं, की जी गाडी नांदेडहून लातूरला जात नाही ती दारात ठेवायची कशाला? आधीच गेल्या दिवाळीत तिच्या माहेरी, उदगीरला, आमच्या गाडीनं अंगणात ताटाएवढा काळा डाग पाडला होता. तेव्हापासून गाडी दारात शिरली की सासूबाई आधी बारदान आणून तिच्याखाली अंथरतात आणि मग आम्हाला 'या' म्हणतात. आता सासऱ्यांनी लातूरला, औसा रोडला, नवं घर बांधलं होतं. पोर्चमध्ये पांढरी फरशी.

"त्या फरशीवर एक थेंब जरी पडला," मंजुश्री म्हणाली, "तर सोमवारी गाडी भंगारात. माझ्या आप्पांची आन!"

आप्पांची आन घेतली की विषय संपला. त्यावर अपील नाही.

मला ही गाडी आवडते, सांगूनच टाकतो. सतरा वर्षं झाली. किनवटला बदली होती तेव्हा जुनीच घेतली, म्हणजे तिचं खरं वय मी विचारलेलं नाही. लग्नानंतर दोन महिन्यांनी सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघालो आणि इस्लापूरच्या अलीकडे ती बंद पडली, तेव्हा मंजुश्रीनं पदर खोचून ती ढकलली होती. संसारात बायको माझ्या पाठीशी ठामपणे उभी राहिली तो हा एकमेव प्रसंग. अशी गाडी भंगारात द्यायची?

तर बुधवारपासून मी गाडीखाली. सकाळी ऑफिसच्या आधी आणि संध्याकाळी ऑफिसच्या नंतर. ऑफिसातही जीव थाऱ्यावर नसायचा. फाईल उघडायची, मिटायची आणि खिडकीतून पार्किंगकडे बघायचं. गुरुवारी तर पाटबंधारे खात्याच्या एका महत्त्वाच्या पत्रावर मी सहीऐवजी अंगठा उठवून आलो. (मुद्दाम नाही. अंगठा काळा होता.) गाडीखाली जो नट दिसेल तो मी आवळला. शेवटी एक नट हातात उरला. तो कुठला ते कळेना म्हणून खिशात टाकला. कुठलीही चीज बेवारस सापडली की खिशात टाकायची, ही माझी जुनी सवय आहे. ही सवय लक्षात ठेवा.

शुक्रवारी रात्री मी धम्मदीपला फोन केला.

"एक देशी इलाज सांगतो," तो म्हणाला. "इंजिन धुवा, कोरडं करा, वरून समदीकडं पांढरी पावडर मारा आन धा मिनिटं चालू ठिवा. जिथं पावडर भिजंल तिथं लिकेज."

शनिवारी सकाळी इंजिन धुवून, पुसून मी घरात आलो.

"मंजू, तुझी पावडर दे."

"कशाला?"

"लावायची आहे."

"कुणाला?"

"गाडीला."

"मला आणलेली पावडर तिला लावता? सोळा वर्षांत मला एकदा तरी लावून दिली का?"

मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याकडे वळलो, तर आईनं, म्हणजे सिद्धम्मानं, हातातलं लाटणं उगारलं. "अन्नाचा नास करतूस व्हय रे शिवा? न्हाई, हात लावून तर बघ!"

आता घरात पांढरं असं काय उरलं? देवघरात विभूतीचे गोळे होते. आई दरवर्षी कपिलधारहून पिशवीभर आणते, आणि कपाळं मोजून तीनच. मी हात जोडले आणि मनातल्या मनात महादेवाला विचारलं. तो नाही म्हणाला नाही. दोन गोळे कुटले, चाळणीतून इंजिनभर भुरभुरले, गाडी चालू केली, थोड्या वेळानं बंद केली आणि पुन्हा खाली शिरलो. खालून सगळं पांढरं. डोळ्यांतसुद्धा.

इतक्यात फाटक वाजलं. सासरे! मलप्पाआप्पा जुन्या वळणाचे. विहीणबाईंना घरी येऊन कुंकू लावूनच बोलवायचं, फोनवर नाही, असा त्यांचा नेम. उद्या घरभरणी असताना सगळी कामं मुलांवर टाकून ते पहिल्या गाडीनं नांदेडला आले होते, आणि उद्या पहाटे आमच्याच गाडीतून परत जाणार होते.

बॉनेट उघडं. आत विभूतीनं माखलेलं इंजिन. मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. बघता बघता त्यांनी त्या काढल्या.

"जावईबापू!" वरून आप्पांचा आवाज आला. "दसऱ्याला लोकं गाडीला हार घालतेत. पर इंजिनाला विभूती? आज कळलं, पोरगी चांगल्या घरात दिली."

(आज कळलं. सोळा वर्षांनी.) खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण सासऱ्याच्या तोंडून स्तुती आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, म्हणून मी गाडीखालीच थोडा वेळ पडून राहिलो. तोवर आप्पांनी कोमट इंजिनावरून तीन बोटं भक्तिभावानं ओढली आणि कपाळावर फिरवली.

मंजुश्री पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि किंचाळली. "आप्पा! कपाळ!"

मी बाहेर सरपटलो. आप्पांच्या कपाळावर खालचे दोन पट्टे पांढरे आणि वरचा काळाकुट्ट.

मला वाटलं, आता संपलं. पण आप्पांचा उदगीरला तेलाचा घाऊक धंदा, पन्नास वर्षं. त्यांनी शांतपणे कपाळाला बोट लावलं, वास घेतला, दोन बोटांत घोळवलं.

"इंजिनचं तेल. ताजं हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "तेल वर हाय, बापू. खाली झोपून काय करून राहिले?"

चार दिवस मी खाली शोधत होतो. आप्पांनी तेल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून मला दाखवलं.

"ह्याला वायसर न्हाई. डब्याच्या झाकणाला वायसर नसंल तर उदगीरहून देगलूर येईस्तोवर पावशेर तेल वाटंला लागतंय. रबर कुठं गेलं?"

"पडलं असंल कुठंतरी," मी म्हणालो.

मंजुश्री झाकणाकडे टक लावून बघत होती. ती आत गेली आणि आईचा थर्मास घेऊन आली. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या झाकणातून पाणी झिरपायचं. मी खिशातून एक काळं रबर काढून त्यात बसवलं होतं. अगदी नेमकं बसलं. ते रबर खिशात कुठून आलं हे तेव्हा आठवत नव्हतं, पण ती माझी घरातली एकमेव यशस्वी दुरुस्ती होती आणि मंजुश्रीनं उदगीरपर्यंत तिचं कौतुक केलं होतं.

आप्पांनी थर्मासमधून रबर काढून इंजिनाच्या झाकणात बसवलं. चट्ट बसलं.

"म्हणजे," मंजुश्री हळूच म्हणाली, "सासूबाई सहा महिने इंजिनाचं गरम पाणी पितेत?"

आई दारात उभी होती. तिनं एकदा उजवा पाय वाकवून बघितला, मग डावा. "तरीच म्हणलं," ती म्हणाली, "गुडघ्याची करकर थांबली कशी."

रविवारी पहाटे आम्ही निघालो. मी नवी गडद निळी पँट घातली होती. शेजारी आप्पा, मागं मंजुश्री आणि मांडीवर चहाचा थर्मास घेतलेली आई. लोहा येईपर्यंत मी दोनदा उतरून खाली बघून आलो. कोरडं. तरी जिवाला चैन नाही.

"बिडरी," आप्पा म्हणाले. कानडीत 'सोडा हो' म्हणायचं झालं की ते हेच म्हणतात. पण मला सुटेना.

अहमदपूरला एका पंक्चरवाल्यापुढे गाडी लावली आणि बघतो तर खालून टप, टप, टप! सतरा वर्षं डोळ्यांपुढून गेली. मी तिथंच भुईवर फतकल मारून हात खाली घातला, ओलं बोट नाकाशी आणलं. आल्याचा वास.

"शिवा," आई खिडकीतून म्हणाली, "थर्मास गळून राहिला रे. समदा चहा खाली चालला."

गाडीच्या तळाला गंजून एक भोक पडलेलं आहे, त्यातून. मला इतका आनंद झाला की उरलेला चहा मी तिथंच, भुईवर बसल्या बसल्या पिऊन टाकला.

लातूरला सासूबाई पार्वतम्मा बारदान घेऊन पोर्चमध्ये उभ्याच होत्या. अंथरलं. अर्धा तास गेला. मग आप्पांनी सगळ्या पाहुण्यांना बोलावून बारदान उचलून दाखवलं.

"बघा! एक थेंब न्हाई! जावयानं सोता दुरुस्त केली."

मंजुश्रीनं माझ्याकडे बघितलं. इस्लापूरच्या रस्त्यावर गाडी चालू झाल्यावर बघितलं होतं तसं. मला हॉलमध्ये नेऊन नव्या बदामी सोफ्यावर, अगदी मधोमध बसवलं. त्याचा प्लास्टिकचा कागद त्याच दिवशी काढला होता. मी ऐसपैस बसलो, मागं रेललो आणि गळती कशी शोधावी यावर पाहुण्यांना बराच वेळ माहिती दिली.

जेवायला उठलो तेव्हा सगळे पाहुणे सोफ्याकडे बघायला लागले.

पंक्चरवाल्याच्या दारात कोण जाणे किती ट्रकांचं तेल मुरलं होतं. निळ्या पँटवर ते मला दिसलं नव्हतं. बदामी सोफ्यावर मात्र दोन गोल, काळे, शेजारी शेजारी, कुणाचे आहेत ते विचारायची गरज नाही असे डाग उठले होते.

गाडी भंगारात गेली नाही. आन गाडीपुरतीच होती. आता लातूरला गेलो की सासूबाई बारदान घेऊनच बाहेर येतात, पण गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "या जावईबापू, बसा," म्हणतात, आणि ते खुर्चीवर अंथरतात.