खर्जातले देशकर काका

आमच्या शेजारचे देशकर काका भर जुलैत ख्रिसमसची गाणी म्हणतात. तीही अर्धीच. एक ओळ खर्जात म्हणायची आणि गप्प. थोड्या वेळाने पुढची ओळ. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या टाउनहाउसची भिंत सामायिक असल्यामुळे रोज सकाळी चहाबरोबर हे मला ऐकावंच लागतं. माझी समजूत अशी होती, की काका मधलं विसरतात. वय झालंय, एकटेच राहतात. सुमनकाकूंना मी फक्त फोटोत पाहिलंय.

काका मूळचे नागपूरचे, खाणीचे इंजिनिअर. उमेदीची वर्षं त्यांनी इथल्याच डोंगरातल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीच्या गावात काढली. तिथे फार पूर्वी इंग्लंडच्या पार टोकाच्या कॉर्नवॉलमधून खाणकामगार आले, ते आपली ख्रिसमसची गाणी घेऊनच. खाणी बंद पडल्या, गाणी राहिली. काका ती शिकले आणि पार बिघडले.

"फक्त गळे, बरं का! खाणीत पेटी कोण नेईल?" हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात.

गणपतीच्या आरतीत सगळे वर चढले, की हे खाली उतरतात. गुरुजी गोंधळून थांबतात. "थांबता काय? मी पाया भरून राहिलो ना! तुम्ही वरचे मजले बांधा." मोदकांच्या वेळी मात्र काका सगळ्यांच्या सुरात सूर मिसळतात.

गेल्या डिसेंबरात म्हणाले, "चल पोरी, ड्राइव्ह कर. गाणारे मोजकेच उरलो यंदा. ऐकायला तरी कोणी पाहिजे."

मी मीटिंग कॅन्सल केली. खाणीच्या त्या गावात धुकं उतरलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवर लोकरी टोप्या घातलेले दहा-बारा म्हातारे-म्हाताऱ्या उभे होते. काकांनी एकट्याने ओळ उचलली आणि ते थांबले. त्या थांबण्यात बायकांचे आवाज अलगद आले, तीच ओळ घेऊन, वरच्या सुरात. मग उरलेले पुरुष. धुक्यात कोण कुठून गातंय कळेना. जमिनीखालून कुणी हाक मारतंय आणि डोंगर ओ देतोय, असं वाटत राहिलं. थंडी वाजतेय हेही मी विसरले.

परतताना म्हटलं, "म्हणजे काका, तुम्ही विसरत नाही!"

"विसरतो कसला? ती जागा सुमनची आहे. मी बाथरूममधून सुरू करायचो, ती किचनमधून उचलायची." काका खिडकीबाहेर पाहू लागले. "आता ती नाही. पण जागा तर सोडावी लागते ना."

 

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून ओळ आली. मग ती रोजची शांतता. मी चहा ओट्यावर ठेवला आणि शब्द धड येत नसताना, जमेल त्या सुरात ती ओळ म्हटली.

पलीकडे काहीच हालचाल नाही. बराच वेळ. आगाऊपणा केला की काय, असं वाटून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग भिंतीवर टकटक झाली.

"बेसूर होऊन राहिलं, पोरी." काका पलीकडून म्हणाले. "पुन्हा घे. मी थांबतो."