लॉर्डसाहेबांचं भाषण

आमच्या शेजारच्या लॉर्डसाहेबांना साधं ‘हो’ म्हणता येत नसे. चहा घेणार का विचारलं, की ते म्हणत, “कंटेंट!” साखर? “नॉट कंटेंट!” विलायतेत लॉर्डांच्या सभागृहात मत असंच देतात म्हणे. तिथली जागा त्यांना वडिलांकडून वारशाने मिळाली होती, आपल्याकडे आंब्याची कलमं मिळतात तशी. बाकी इस्टेट वगैरे काही उरलं नव्हतं. म्हणून मस्कतला, कुरुममधल्या एका कंपनीत ते सल्लागार होते. कसला सल्ला देत, ते कंपनीलाही माहीत नसावं. अधूनमधून लंडनला जाऊन सभागृहात बसून येत.

मदिनत सुलतान काबूस या वस्तीत त्यांच्या-आमच्या घराची भिंत एकच. माणूस एकटा. शुक्रवारी आमच्याच गाडीतून मवालेहच्या मंडईत भाजी आणायला येत. तिथे रत्नागिरीच्या दाऊदभाईंचा गाळा होता. लॉर्डसाहेब टोमॅटोंसमोर हात मागे बांधून उभे राहत, घसा साफ करत आणि “माझे सन्माननीय मित्र” अशी सुरुवात करून भाव का उतरावा, यावर बोलत सुटत. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. शेवटी दाऊदभाई मला हात जोडत.

“वहिनी, खलास! ह्यांच्या भावात देतो, पण ह्यांना गाडीत बसवा.”

मग जिंकल्याच्या थाटात ते टोमॅटो आमच्याच स्वयंपाकघरात आणून ठेवत. त्यांना गॅस पेटवण्यापलीकडे काही येत नव्हतं.

पुढे लंडनमध्ये कायदा झाला आणि वारशाने बसणाऱ्या बहुतेक लॉर्डांच्या जागा गेल्या. आमच्या लॉर्डसाहेबांचीही गेली. शेवटच्या बैठकीसाठी ते भाषण लिहून घेऊन गेले होते. परतले ते थेट आमच्या दारात, सूटबूट घालून.

“बोलायला माझा नंबरच लागला नाही,” ते म्हणाले. “इथे बोललो तर चालेल?”

घरात मी आणि सासूबाई दोघीच. चिपळूणहून आल्यापासून आईंचं एकच चाललं होतं, ‘इथे बोलायला माणूस नाही, मला परत पाठवा.’ शेवटी यांनी पुढच्या आठवड्याचं तिकीट काढून दिलं होतं.

लॉर्डसाहेब सोफ्यामागे उभे राहिले. विषय होता त्यांच्या गावच्या नदीवरचा मोडका पूल. मला निम्मं कळलं. आईंना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्यांनी सोलायला घेतलेल्या मटाराचं सूप बाजूला सारलं, पदर सावरला आणि ऐकत बसल्या. त्या पुलावरून वडील शाळेत सोडायला यायचे, असं साहेब म्हणाले आणि त्यांचा आवाज अडखळला. आई हळूच म्हणाल्या, “अरेरे.”

भाषण संपलं तरी ते उभेच.

“बस रे बाबा, दमलास,” आई म्हणाल्या. “जेवूनच जा आता.”

मी इंग्रजीतून सांगितलं तेव्हा बसले. जेवताना मान खाली घालून त्यांनी मला विचारलं, “मॅडम, आईंचा व्हिसा कधीपर्यंत आहे?”

“काय म्हणतोय गं?”

“तुम्ही अजून किती दिवस आहात, विचारतायत.”

आईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

“आहे म्हणावं,” त्या म्हणाल्या, “आणि ते तिकीट पुढे ढकलता येतं का, बघ.”