यूसुफभाईंचं एमबीए

तोंडात थर्मामीटर असताना माणसाला बोलता येत नाही, असा माझा डॉक्टरी समज होता. तो यूसुफभाई मणियारांनी मोडून काढला. मी थर्मामीटर ठेवून घड्याळाकडे बघत होतो, तेवढ्यात जिभेखालून आवाज आला, "डॉक्तलथाब, एंबीए कलू का?"

ताप पुन्हा मोजावा लागला.

यूसुफभाई आमच्या समोरच्या बिल्डिंगीत राहतात. वय पंचेचाळिशीकडे झुकलेलं, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात ते वीसेक वर्षं सुपरवायझर होते. तो कारखाना गेल्या वर्षी बंद पडला आणि हा प्रश्न त्यांच्या तोंडी बसला तो बसलाच. लाइन बदलायची तर आता एमबीए करावं, की मिळेल त्या नोकरीला लागावं?

भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "करा की. पोटाला बरं असतंय." दाढी करताना न्हाव्याला विचारलं, तेव्हा वस्तरा गळ्यावर होता. एका लग्नात तर आहेर देता देता नवरदेवालाच विचारलं. नवरदेव पुण्यात कंपनीत होता, तोही मनापासून सांगत बसला. मागे स्टेजच्या पायऱ्यांवर पाहुणे तिष्ठत, फोटोवाला हैराण, आणि नवरी एकटीच कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

खरी पंचाईत पुढेच होती. भाईंना कुठलंच उत्तर चालत नसे. कारखान्यात ते टॉवेल आधी उलटा करून बघत, कारण विणकामातली चूक मागच्या बाजूला दिसते. तीच खोड इथं.

"करून टाका एमबीए," मी म्हणायचो.

"उलटी बाजू बी बघा की डॉक्टरसाब. दोन वर्षं गेल्यावर माझ्या वयाच्या माणसाला घेणार कोण?"

"मग राहू द्या."

"असं कसं? राहू दिलं तर मी काय, बंद मागांची राखण करत बसू? तुमी तर लईच घाई करताय."

त्यांच्या बायकोला, शाहीनभाभींना, या खोडीचा अनुभव जुना. त्या उर्दू शाळेत शिकवतात. एकदा मला म्हणाल्या, "शादी के टैम बी ऐसाच करे थे. हाँ बोलने को पूरा साल. मैं तो दुसरी जगा हाँ बोलनेवाली थी."

शेवटी भाई चौकशीला पुण्याच्या एका कॉलेजात गेले. दारातल्या मुलीनं त्यांना पालकांच्या खोलीत बसवलं. तिथं मुलांच्या होस्टेलची, जेवणाची, संगतीची चर्चा चालली होती. भाईंनीही दोन-चार सूचना केल्या. नाव पुकारल्यावर ते आत गेले. समोरचे साहेब म्हणाले, "मुलगा कुठाय?"

"मुलगा मीच," भाई म्हणाले.

हे सांगताना ते स्वतःच डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भाभी हसल्या नाहीत.

प्रवेशपरीक्षाही दिली त्यांनी. गच्चीवर फेऱ्या मारत गणितं पाठ केली, परीक्षेच्या खोलीत पोरांनी "अंकल, पेन आहे का?" म्हणून छळलं, तरी पास झाले. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. मेहुण्याच्या लग्नातला कोट निघाला. गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी सल्ला दिला होता, त्या सगळ्यांनी त्यांना एसटीत बसवून दिलं. भाजीवालीसुद्धा होती.

मुलाखतीहून परत आले आणि प्रश्न बंद झाला.

आधी सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. न्हावी म्हणाला, "आता हात थरथरत न्हाय बगा." पण मला बरं वाटेना. रोज कण्हणारा रोगी एकदम गप्प झाला की डॉक्टर घाबरतो. भाई भेटले की मान हलवत, पुढे जात. अंग उतरलं होतं.

एका दुपारी, दवाखाना बंद करायच्या वेळेला ते आले. झोप येत नाही म्हणाले. मी ब्लडप्रेशर बघितलं.

"ॲडमिशनचं काय झालं?"

"मिळाली की."

"मग कधी निघताय?"

"नक्को डॉक्टरसाब. जाणार नाही."

मला वाटलं, पुन्हा उलटी बाजू. पण त्यांचा आवाज वेगळा होता.

"मुलाखतीत विचारलं, या वयात हे कशाला? तेव्हा मी खरं सांगितलं. म्हटलं, एक कारखाना होता. माल चांगला, माणसं चांगली, तरी बुडाला. शेवटच्या दिवशी मालक आलेच नाहीत. फोनवर म्हणाले, यूसुफ, तूच सांग सगळ्यांना. मी एकेकाजवळ जाऊन सांगितलं. आमचा नरसय्या, म्हातारा माणूस, तुटलेला धागा जोडायला मला त्यानंच शिकवलेलं. तो म्हणाला, 'साब, तुमी शिकलेले. तुमाला तरी आधी समजायला पायजे होतं.'"

मी त्यांच्या दंडावरचा पट्टा सोडला.

"तेवढंच शिकायचं होतं मला. काय केलं असतं तर वाचला असता, ते. म्हटलं, तिथं शिकवत असतील."

"मग काय म्हणाले ते?"

"माणूस चांगला होता. सगळं नीट ऐकलं. कागदावर रेघा मारल्या. मग म्हणाला, मिस्टर मणियार, हा कारखाना कितीतरी वर्षं आधीच बंद करायला हवा होता. तोच बरोबर निर्णय होता." त्यांनी बाही खाली केली. "त्या वर्षांत नरसय्याच्या दोन पोरींची लग्नं झाली डॉक्टरसाब. माझी पोरगी, नूरी, जन्मली. ती वर्षं पण चूकच म्हणायची का?"

मी पॅड पुढे ओढलं. गोळ्या लिहून दिल्या.

आता ते वैरागला मेहुण्याच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतात. सकाळच्या एसटीनं जातात, अंधार पडता पडता येतात. मन रमत नाही, पण तसं ते कुणाला म्हणत नाहीत. सुट्टीच्या दिवशी मात्र नरसय्याकडे जातात. म्हाताऱ्याला हल्ली नीट दिसत नाही. परवा गोळ्या न्यायला आले तेव्हा मी नरसय्याची चौकशी केली.

"त्याला मी सांगून टाकलं," भाई म्हणाले. "म्हटलं, पुण्याच्या मोठ्या प्रोफेसरला विचारून आलो. तो म्हणाला, यात कुणाचीच चूक नव्हती. कारखाना एकदम चांगला होता."

"मग?"

"लई खूश झाला. माझा हात धरून म्हणाला, 'साब, मी उगाच तुमाला बोललो. मनात ठेवू नका.' आणि मग विचारलं, 'चांगला होता म्हणताय, तर परत चालू कधी होणार?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

यूसुफभाईंनी गोळ्यांची पुडी खिशात ठेवली.

"म्हटलं, दिवाळीनंतर."